अर्धा कोर्स

थोरल्या सुनेने फक्त "माझी काही हरकत नाही" एवढंच म्हणायचं होतं. बाकीचं सगळं मामांनी जमवून ठेवलं होतं.

जमवाजमवीत मामांचा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं. हे सासूबाईंचे, म्हणजे माईंचे सख्खे भाऊ. उभा जन्म त्यांनी विमा विकण्यात घालवला होता. आपण मेल्यावर घरच्यांचा किती फायदा होतो, हे माणसाला त्याच्याच घरात, त्याचाच चहा पीत पटवून द्यायची त्यांची हातोटी निवृत्तीनंतरही शाबूत होती. त्यांनी आणलेली योजना अशी. थोरल्याने आणि थोरलीने सामोपचाराने काडीमोड घ्यायचा. थोरल्याचं दुसरं लग्न व्हायचं. थोरलीने मात्र घर सोडायचं नाही. माडीवरच्या मागच्या खोलीत घरच्या मुलीसारखं राहायचं, नोकरी चालू ठेवायची, सकाळचा स्वयंपाक करायचा, आणि पुढेमागे पाळणा हलला की मावशी म्हणून मिरवायचं. यात कुणाचंच नुकसान नाही, असं मामा सकाळपासून सांगत होते.

अडचण एकच होती. मामांनी पाहिलेली मुलगी तिशी ओलांडलेली असली तरी तिच्या आईने अट घातली होती. पहिल्या बायकोने समोर बसून, स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं की तिला हे मान्य आहे, तरच पुढची बोलणी. मुलीचे आई-वडील त्याच दिवशी चहाला यायचे होते. म्हणून दुपारची जेवणं उरकल्यावर घरातली मोठी माणसं दिवाणखान्यात जमली होती आणि थोरलीकडून वाक्य पाठ करून घेणं चाललं होतं.

दिवाणखाना बरोबर दुकानाच्या डोक्यावर होता. दुकान औषधांचं, आजोबांनी थाटलेलं. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते वाढवलं होतं, आणि आता दोन्ही मुलगे काउंटरला उभे राहायचे. खालचा औषधांचा उग्र-गोडसर वास जिन्याने वर येऊन सोफ्यात मुरला होता. खोलीतली एकही वस्तू विकत आणलेली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ आम्लपित्ताच्या गोळीचं, कप खोकल्याच्या औषधाचे, ट्रे खाजेच्या मलमाचा, आणि माईंच्या पाठीमागची उशी कंबरदुखीवाल्या कंपनीने दिलेली. पाहुण्यांना बिस्किटं या ट्रेमधून दिली जात आणि ते सहसा एकच घेत.

गिऱ्हाइकं अण्णांना डॉक्टर म्हणत, आणि अण्णांनी आजवर कुणाची चूक दुरुस्त केली नव्हती. आपल्या घरातलं माणूस डॉक्टरची पायरी चढत नाही, ही आजोबांच्या वेळेपासूनची फुशारकी होती. त्यामागची खरी पद्धत अशी की गिऱ्हाइकाला चार गोळ्या कापून दिल्यावर स्ट्रिपचा जो तुकडा उरायचा, तो न खपल्यास वर घरात यायचा. माई ते तुकडे बिस्किटाच्या डब्यात ठेवत, आणि ज्याला जे दुखेल त्याला डब्यात जे असेल ते मिळे. कुठलंही औषध पुरतं मिळालेलं माणूस त्या घरात सापडलं नसतं, पण कुणी तक्रार केली नव्हती.

थोरली डॉक्टरची पायरी चढली, हा तिचा पहिला गुन्हा. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिथल्याच एका गिऱ्हाइकाकडून तिने बायकांच्या डॉक्टरचा पत्ता मिळवला आणि लग्नाला सात वर्षं झाल्यावर, कुणाला न विचारता, स्वतःच्या पगारातून दुर्बिणीची तपासणी करून घेतली. गर्भाच्या दोन्ही नळ्या बंद निघाल्या. घरी येऊन तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने त्यातलं अर्धं आईला सांगितलं. नळ्या बंद आहेत, बस. उरलेलं अर्धं सांगायला त्याला महिनाभर वेळ झाला नव्हता.

"पुन्हा म्हण," मामा म्हणाले. "आणि म्हणताना मुलीच्या आईकडे बघ. मान खाली घातलीस तर आम्ही जबरदस्ती केल्यासारखं दिसतं."

थोरली म्हणाली, "माझी काही हरकत नाही."

माईंना ते कोरडं वाटलं. आधी "हे सुखी होणार असतील तर" असं जोडावं, अशी त्यांची सूचना आली. धाकट्या सुनेचं म्हणणं पडलं की डोळ्यांत थोडं पाणी आलं तर उठून दिसेल, फार मात्र नको. धाकटीला दोन मुलं होती, त्यामुळे या विषयावर तिच्या मताला घरात वजन होतं. तिचा नवरा खाली दुकान सांभाळत होता. थोरला खिडकीशी बसून बाहेरची रहदारी बघत होता. अण्णांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं, पण त्याचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

थोरलीला खरं तर हसू येत होतं. गेले काही दिवस तिचं या गोष्टीवर रडून, भांडून, उपाशी राहून झालं होतं आणि आता तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. माहेरी आईच्या पश्चात भावाचं राज्य होतं आणि भावाने फोनवर नीट विचार कर, एवढंच सांगितलं होतं. मागची खोली तर मागची खोली, असं तिने मनाशी म्हणून टाकलं होतं. तिला वाटायचं, नवरा वाईट नाही, फक्त भित्रा आहे. त्याच्याविषयीची एक आठवण ती जपून होती आणि तिच्या जोरावर ती बरंच काही माफ करत आली होती.

"आता शेवटचं वाक्य," मामा म्हणाले. "दोष माझ्यातच आहे. एवढं म्हटलंस की त्यांना मुलाबद्दल शंका उरायची नाही."

 थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. निदान आता तरी तो मान वर करेल, निदान एवढं तरी म्हणेल की हे वाक्य नको. तिला त्याच्याकडून तेवढंच हवं होतं.

"म्हण ना," तो रहदारीकडे बघत म्हणाला. "रिपोर्टमध्ये आहेच तसं."

थोरलीचं हसू पळालं. तिने पदर नीट केला आणि विचारलं, "डॉक्टरबाई आणखीही काही म्हणाल्या होत्या. ते यांना सांगितलंत का तुम्ही?"

त्याने ते ऐकलंच नाही, असं दाखवलं. माईंनी ऐकलं. आणखी काय सांगायचं राहिलं, असं त्यांनी विचारलं, आणि थोरली म्हणाली की नळ्या बंद का झाल्या ते सांगायचं राहिलं.

त्याची कारणं तर माईंकडे तयार होती. ही दिवसभर उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसते. थंड पाणी पिते. लग्नाच्या आधी सायकल चालवायची. धाकटीने भर घातली की ताई भात कमी खातात, आणि मामांनी त्यांच्या एका विमेदाराच्या सुनेची हकिकत सुरू केली, जिच्या नळ्या चिंतेने बंद झाल्या होत्या. सगळे एकदम बोलत होते, आणि थोरलीच्या पोटाविषयी या खोलीत थोरली सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

"संसर्ग झाला होता," थोरली म्हणाली. "क्लॅमिडिया म्हणतात त्याला. बाईला बरेचदा काही जाणवतच नाही. जंतू आतल्या आत वर चढतात, नळ्या सुजतात, आणि सूज उतरली की आत व्रण राहतो. जंतू अजून अंगात आहेत. नवऱ्यालाही घेऊन या म्हणाल्या, दोघांनी एकदम औषध घ्यायला हवं. मी महिनाभर सांगतेय, यांना सवड नाही."

वर्तमानपत्र खाली आलं. थोरली सोडली तर त्या खोलीत तो शब्द फक्त बापलेकांना ठाऊक होता, आणि दोघंही त्यावरची औषधं काउंटरवरून विकायचे. अण्णांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा रहदारीतून डोळे काढायला तयार नव्हता. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली, आज राहू दे, मग बघू, असं पुटपुटले आणि उठायला लागले.

पण माईंचं समाधान झालं नव्हतं. संसर्ग म्हणजे सर्दी-पडशासारखंच ना, असं त्यांनी विचारलं. तो होतो कशाने?

"संबंधाने," थोरली म्हणाली. "नवरा-बायकोच्या."

माईंनी कानावर हात ठेवले. मामांचा चेहरा मात्र उजळला. पॉलिसीच्या कागदातली बारीक अक्षरं वाचायची सवय असलेल्या माणसाला एखादं कलम अचानक उपयोगी पडावं, तसं झालं होतं. त्यांनी हळूच घसा साफ केला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं की मग सूनबाईंनी हा संसर्ग आणला कुठून.

प्रश्न एकदा पडल्यावर तो उचलायला सगळे पुढे झाले. माईंनी आठवण करून दिली की हिचं काम अंधाऱ्या खोलीतलं. दार लावून, दिवा मालवून, परक्या माणसाच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघायचं, हेच तर हिचं काम. धाकटी म्हणाली की आपण काही म्हणत नाही, पण एकदा चष्मा दाखवायला गेलो होतो तेव्हा आत एक माणूस फार वेळ होता. त्याचा नंबर मोठा असेल, असं थोरलीने म्हटल्यावर धाकटीने नाक मुरडलं. मामा म्हणाले की तसं असेल तर काडीमोड आणखी सोपा. सामोपचाराचीही गरज नाही आणि मागच्या खोलीचीही.

थोरली नवऱ्याकडे बघत राहिली. मघाशी त्याने तोंड उघडलं नाही, ते भित्रेपणाने. आताही भित्रेपणानेच. पण आता तो गप्प बसून तिला अंधाऱ्या खोलीतल्या परक्या माणसाच्या पदरी घालत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. थोरलीला त्याची किळस आली. सात वर्षांत प्रथमच तिला ती आली आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"बाईंना एकाच गोष्टीचं नवल वाटलं," ती अण्णांना उद्देशून म्हणाली, कारण घरात औषधाचा विषय निघाला की अण्णांकडे बघूनच बोलायचं, अशी रीत होती. "त्या म्हणाल्या, वेळेवर साध्या गोळ्या मिळाल्या असत्या तर नळ्या वाचल्या असत्या. सासरी कुणी शिकलेलं नाही का, म्हणाल्या. मी सांगितलं, सासरचं औषधांचं दुकान आहे. त्या नुसत्या हसल्या."

हे मात्र अण्णांना झोंबलं. सुनेच्या चारित्र्यावर शिंतोडे उडत होते तोवर ते जिन्याकडे सरकत होते. दुकानावर शिंतोडा उडाल्याबरोबर ते परत येऊन बसले. त्या बाईला म्हणावं, आमच्या दुकानातून अर्धं गाव बरं होऊन गेलंय. कुठली कॅप्सूल, किती, कधी, हे आम्हाला शिकवायला नको. या घरात कुणाला औषध मिळालं नाही, असं म्हणायची कुणाची टाप नाही. आजोबांच्या वेळेपासून नाही. बोलता बोलता ते लालेलाल झाले, आणि बापाचा चढलेला आवाज ऐकून खिडकीशी बसलेल्या मुलाच्या अंगातला दुकानदारही जागा झाला.

"दिलं होतं," थोरला म्हणाला. "औषध दिलं होतं मी तिला."

कुणाला काही कळलं नाही. माईंनी कधी, असं विचारलं.

"तेव्हाच. लग्नाच्या पहिल्या वर्षी. कंपनीच्या सहलीहून आलो तेव्हा." तो अण्णांकडे बघत होता, हुशारी दाखवलेल्या मुलाने बापाकडे बघावं तसा. "मला त्रास व्हायला लागला. जळजळ वगैरे. मी लगेच ओळखलं. हिला काहीसुद्धा होत नव्हतं, तरी मी हिलाही दिलं. व्हिटॅमिनची म्हणून दिली, उगाच घाबरायला नको म्हणून. एक स्ट्रिप काढली होती, अर्धी मी घेतली, अर्धी हिला दिली. आणि तुम्ही म्हणता औषध मिळालं नाही."

तो थांबला. शाबासकीसाठी थांबला होता की काय, देव जाणे. खालून कुणीतरी गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं, ते स्वच्छ ऐकू येत होतं.

ती सहल सगळ्यांना ठाऊक होती. खोकल्याचं औषध सगळ्यात जास्त खपवणाऱ्या दुकानदारांना कंपनीने समुद्रकाठच्या हॉटेलात नेलं होतं. टोप्या घातलेल्या दुकानदारांचा फोटो अजून काउंटरमागे लटकत होता. ज्या कपांतून हे घर सात वर्षं चहा पीत होतं, ते त्याच सहलीचे.

थोरलीला सहलीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला त्या रात्री आठवत होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हा माणूस रोज झोपण्याआधी स्वतः उठून स्वयंपाकघरात जायचा, पेल्यात पाणी घेऊन यायचा आणि तिच्या तळहातावर एक कॅप्सूल ठेवायचा. तू फार थकतेस, ताकदीची आहे, म्हणायचा. ती गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. त्याआधी आणि त्यानंतर त्याने तिला कधी पाण्याचा पेला आणून दिला नव्हता. तिने ते आईला फोनवर सांगितलं होतं. आई तेव्हा हयात होती, आणि ऐकून रडली होती, आनंदाने. एवढीच काय ती जपून ठेवलेली आठवण, आणि तिच्यावर तिने इतकी वर्षं ढकलली होती.

"एकच स्ट्रिप का काढली?" तिने विचारलं.  "खाली कपाटं भरलेली होती. दोन का नाही काढल्या?"

"अण्णा माल मोजतात," थोरला म्हणाला. "दोन कमी भरल्या असत्या तर लक्षात आलं असतं."

"एक आली होती लक्षात," अण्णा म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना ते कळलं. त्यांनी खाली ठेवलेलं वर्तमानपत्र पुन्हा उचललं, पण आता त्याच्यामागे लपायला जागा नव्हती. माईंची स्मरणशक्ती अशा वेळी फार चांगली चालायची. त्यांना आठवलं की त्या वर्षी अण्णांनी दुकानात उंदीर झालेत म्हणून पिंजरे आणले होते. उंदरांनी एक स्ट्रिप नेली, असं जेवताना सांगितलंही होतं. पिंजऱ्यात एकही उंदीर सापडला नव्हता आणि त्यावरून सगळे महिनाभर हसले होते.

"तुम्हाला माहीत होतं," माई म्हणाल्या.

अण्णा म्हणाले की माहीत नव्हतं, अंदाज होता. तरुण मुलगा, सहलीहून आलेला, आणि नेमकी तीच कॅप्सूल कमी. बापाने मुलाला विचारायचं तरी काय. घेतोय म्हणजे बरा होईल, असं वाटलं. सुनेचा विचार मनात आला नाही का, असं कुणी विचारलं नाही, पण त्यांनी आपणहून उत्तर दिलं की नाही आला.

एवढ्यात धाकटी उठली होती.  तिचा नवराही गेल्या वर्षी कंपनीच्या सहलीला गेला होता, आणि जुलाबाच्या गोळ्यांसाठी त्याला बक्षीसही मिळालं होतं. ती थोरलीजवळ येऊन बसली आणि तिने इतक्या वर्षांत प्रथमच तिचा हात धरला. "ताई," तिने खालच्या आवाजात विचारलं, "त्या डॉक्टरबाईंकडे फोन करून जावं लागतं का?" अंधाऱ्या खोलीतल्या मोठ्या नंबरच्या माणसाला ती पार विसरली होती.

मामांनी मग परिस्थिती हातात घेतली. बुडालेली पॉलिसी पुन्हा चालू करायचा त्यांचा जुना अनुभव होता. झालं ते झालं, असं म्हणून त्यांनी नवी योजना मांडली, आणि घरच्यांनी ती पटापट उचलून धरली. काडीमोड रद्द. मागची खोली रद्द. सूनबाईंना मोठ्या इस्पितळात न्यायचं, नळ्या बंद असल्या तरी हल्ली बाहेरच्या बाहेर मूल तयार करून आत ठेवतात, ते करायचं, होईल तो खर्च अण्णांनी द्यायचा. अण्णांनी मान हलवली. माईंनी तर थोरलीच्या केसांवरून हात फिरवला आणि लक्ष्मी म्हटलं. ज्या बाईला तासाभरापूर्वी त्या "हे सुखी होणार असतील तर" म्हणायला शिकवत होत्या, तीच ही. थोरलीने एवढंच करायचं होतं की बाहेर कुठे बोलायचं नाही. गावाला औषध देणारं घर, लोक काय म्हणतील.

थोरलीने हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. थोरल्याला ते होच वाटलं असावं. तो खिडकीपासून उठून जवळच्या खुर्चीवर येऊन बसला.

राहिला प्रश्न मुलीकडच्यांचा. त्यांना फोन करून नका येऊ म्हणावं, तर ते निघाले असणार. माईंनी विचारलं की आता त्यांना सांगायचं काय, आणि मामा म्हणाले, त्यात काय, मुलीची उंची कमी आहे म्हणू. नाहीतर वय जास्त. मुलीत काहीतरी काढायचं, लोक ऐकून घेतात. ते माझ्यावर सोडा.

जिन्यावर पावलं वाजली.

मुलीचे वडील शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते आणि इस्त्री केलेला शर्ट घालून आले होते. आई बारीक चणीची, हातात जुनी पर्स घेतलेली. तिने आल्याबरोबर खोलीभर नजर फिरवून पहिली बायको कोण ते ओळखलं आणि नेमकी तिच्यासमोरची खुर्ची धरली. माईंनी खाजेच्या मलमाचा ट्रे पुढे केला. मास्तरांनी एक बिस्कीट उचललं, आईने उचललं नाही.

मामांनी हवापाण्याच्या गप्पा मारून घेतल्या. मग हळहळत, अगदी घरचं कुणी आजारी असल्यासारखा आवाज काढून, त्यांनी सांगितलं की आम्ही फार विचार केला, मुलगी गुणाची आहे यात वाद नाही, पण उंचीचा थोडा प्रश्न वाटतो. आणि वयाचाही. आता या वयात पुढे मूलबाळ होताना अडचण आली तर तिलाच त्रास, आम्हाला तिची काळजी वाटते.

मास्तर बिस्कीट हातात धरून बसून राहिले.  असं ऐकायची मुलीच्या आईला सवय असावी. तिने मान डोलावली, मांडीवरची पर्स काखेला लावली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी विझलं. थोरलीने ते पाहिलं. घरी जाऊन ही बाई आता मुलीला काय सांगेल, आणि मुलगी आरशासमोर उभी राहून स्वतःत काय शोधत बसेल, हे थोरलीला पुरेपूर ठाऊक होतं. सात वर्षं तिने दुसरं केलं तरी काय होतं.

"बसा," थोरली म्हणाली. "तुम्ही माझ्या तोंडून ऐकायला आला होतात ना?"

मामांनी सूनबाई, असं म्हणून बघितलं. माईंनी उशीचा कोपरा घट्ट धरला. थोरली मुलीच्या आईकडे बघून बोलत होती, मामांनी शिकवलं होतं तसंच.

"तुमच्या मुलीत काही कमी नाही. उंचीतही नाही आणि वयातही नाही. कमी होतं ते औषध. माझ्या नवऱ्याला बाहेरून एक रोग झाला, तो त्यांनी मला दिला आणि मला सांगितला नाही. एकाच्या औषधात दोघांचं भागवलं. त्यामुळे दोघंही बरे झालो नाही आणि माझ्या नळ्या गेल्या. रोग दोघांच्याही अंगात असणार. आज मी हरकत नाही म्हटलं असतं तर तो तुमच्या मुलीला गेला असता, आणि काही वर्षांनी तुमची मुलगी इथे बसून हे वाक्य पाठ करत असती. मुलीला सांगा, तुझ्यामुळे मोडलं नाही."

थोरला उठून आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मास्तरांनी बिस्कीट परत ट्रेमध्ये ठेवलं. मुलीच्या आईने मात्र घाई केली नाही. ती माईंकडे बघत राहिली, मग अण्णांकडे, मग मामांकडे, आणि ज्याच्याकडे ती बघायची तो आपल्या कपात बघायला लागायचा. मग तिने पर्स पुन्हा मांडीवर ठेवली आणि थोरलीकडे वळली.

"आणि तुमचं काय?" तिने विचारलं.

 थोरलीच्या पोटाची चौकशी सगळ्यांनी केली होती, तिची कुणीच केली नव्हती. मूल होण्याची आशा आता फार थोडी होती आणि जी होती ती याच माणसाकडून घ्यायची, हे तिला पटत नव्हतं.  

"आधी मी बरी होणार," ती म्हणाली. "मूल नंतर. नवरा त्याच्याही नंतर."